सीरियस आहे, लवकर ये

आमच्याकडे फोनवर कोणी मेलेलं नसतं. फोनवर सगळे सीरियस असतात. बाप सीरियस आहे, लवकर या. आत्या सीरियस आहे, निघा. ऐकणाऱ्याला कळतं. त्याला कळलं, हे सांगणाऱ्यालाही कळतं. तरी त्या शब्दाच्या पुढं कोणी जात नाही. माणूस एकटा असतो, वाट लांबची असते, रस्त्यात आणखी काही व्हायला नको, म्हणून ही रीत पडली. हा शब्द इंग्रजी आहे हे मला फार उशिरा कळलं. मरणाचाच एखादा जरा सभ्य शब्द असेल, असं मी धरून चालले होते.

माझी आई गेली तेव्हा भावाचा फोन शेजारच्या दुकानात आला होता. "माय सीरियस हाय," एवढं बोलून त्यानं ठेवला. मी घरी आले, म्हशीला पाणी दाखवलं आणि जेवायला बसले. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून असा फोन आला की आम्ही खाऊन निघतो. रडत जेवले, पण दोन भाकरी जेवले. जुनं पातळ नेसले आणि देवळीच्या बसमध्ये चढले. कंडक्टरनं विचारलं, "काऊन रडून राह्यली, माय?" मी म्हटलं, "आई सीरियस हाय." त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. एका पोराला उठवून मला जागा करून दिली. अख्ख्या बसला कळलं होतं. 

मी चौथी शिकले. नाचणगावच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा वाचता यायचं, पण वाचायला काही नव्हतं. आम्हाला दोन पोरं झाली. पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. राहिली ती एक पोरगी. ती सातवीत असताना शाळेत बोलावणं आलं. मास्तर म्हणाले, "तुमची पोरगी सीरियस हाय." मी खाली बसले. मास्तर घाबरून म्हणाले, "अवो बाई, अभ्यासात म्हणतो मी." नवऱ्यानं हे सांगून सांगून वर्षभर लोकांना हसवलं. तो तसा हसरा माणूस होता. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात तो तसा दिसणार नाही.

त्यानंतर तो शब्द मला जिकडेतिकडे ऐकू यायला लागला. बातम्यांमध्ये पाण्याचा प्रश्न सीरियस असायचा. शेजारीण म्हणायची, सासूचं बोलणं सीरियस घेऊ नको. जिवंत माणसांचंही त्या शब्दावाचून अडतं, हे मला तेव्हा समजलं.

पोरगी शिकली आणि पुलगावला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागली. बावीस-तेवीस वर्षांची होती. एक दिवस मी तुरी पाखडत असताना समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, एक पोरगा हाय. अमरावतीचा. फिटिंगचं काम करते. आमी सीरियस हाओत."

"जात कोणती?"

तिनं सांगितली. मी इथं लिहीत नाही. आमची नव्हती, एवढं पुरे.

मी म्हटलं, "ज्याले सीरियस म्हणते तो दवाखान्यात अस्ते."

"हासू नको, आई."

मी हसत नव्हते. मी तिच्या कानाखाली लावली. तोवर तिला कधी मारलं नव्हतं. दोन महिन्यांनी ती कामाला म्हणून गेली आणि अमरावतीला रजिस्टर लग्न केलं. माझा नवरा तीन दिवस घराबाहेर पडला नाही.

फोनची कल्पना माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची. घरात त्यांचा शब्द चालायचा. दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचून घरात आला होता. ते ओसरीवर बसून म्हणाले, "सीरियस हाय म्हणून सांगा. येते बरोबर."

नवरा म्हणाला, "मेलो म्हणून सांगा ना मग. तसाबी मेलोच हाय मी."

"मेला म्हटलं तर नवऱ्याले घेऊन येईन. चार लोकं संग येतीन. सीरियस म्हटलं का पोट्टी एकटी धावत येते." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फोन तू कर. बाईचा आवाज लागते."

मी केला. कोणी माझा हात धरून करवला नाही. माझ्या मनात होतं, पोरगी घरी येईल, चार दिवस रडेल, मग आपल्यातलाच एखादा बिजवर पाहू, होईल सगळं ठीक. मी फोनवर रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पोरगी गेल्याचंच होतं, ते मी दुसऱ्या कामाला लावलं. "बाबा सीरियस हाय. छातीत दुखते म्हणे. तोंड वाकडं झालं. लवकर ये."

ती संध्याकाळच्या आत आली. एकटी. तोवर नवऱ्याला खाटेवर दोन चादरी पांघरून झोपवलं होतं. कपाळाला बाम चोपडला होता, खोलीभर वास सुटला होता. तो कण्हत होता. भासऱ्यांनी सांगितलं होतं, कण्हत राहा. पोरीच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. चपला न काढता आत आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. भासऱ्यांनी घराच्या दाराला बाहेरून कडी लावली, त्या आवाजानं ती वळली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा बापाकडं नाही, माझ्याकडं.

तिला कापसाच्या खोलीत ठेवलं. घरात कडी-कोयंड्याची खोली तेवढी एकच होती. कापूस आढ्याला टेकला होता, दाराजवळ एक सतरंजी मावेल एवढी जागा. ज्यांच्या घरात कापूस साठतो त्यांना माहीत आहे, त्यात एक बारीक कीड होते, डोळ्यांना दिसत नाही, पण अंगाला खाज सुटते. लोक अशा दिवसांत ओसरीवर झोपतात. पोरगी अकरा दिवस त्या खोलीत होती. तिचा मोबाईल पहिल्याच दिवशी फोडला. सकाळी आणि संध्याकाळी मी ताट घेऊन जायची. तिनं हात कोपरापर्यंत खाजवून रक्ताळले होते. मी खोबरेल तेल नेलं. तिनं ते घेतलं आणि लावलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाबाले खरंच काई झालं होतं का?"

"नाई."

"बाबाले मालूम होतं?"

"हो."

त्यानंतर ती आमच्यापैकी कोणाशी बोलली नाही.

नवरा त्या अकरा दिवसांत खोलीच्या दारावरून गेला नाही. शेतात जायचा, मागच्या बाजूनं यायचा. बिजवर पाहायला भासरे दोन गावं फिरून आले. मोसंबी कोनाड्यात पडून होती. मी ती फेकली नाही आणि कोणाला खाऊ दिली नाही. वाळून लिंबाएवढी झाली, मग खताच्या खड्ड्यात गेली.

अकराव्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी कापूस भरायला आली. ती चार दिवसांनी येणार होती, लवकर आली. पाच-सहा हमाल थेट घरात शिरले, त्यांना खोलीतलं काय माहीत. एकानं कडी काढली. पोरगी उठली आणि हमालांच्या मधून चालत बाहेर आली. केसांत, भुवयांत कापूस. भासरे ओसरीवर उभे होते, नवरा गाडीजवळ होता. परक्या माणसांपुढं कोणी तिला हात लावला नाही. लावता आला नाही. लोकांत जी अब्रू राखायला तिला कोंडलं होतं, तिच्यापायीच आता तिला धरता येत नव्हतं. ती अंगण ओलांडून पुलगावच्या रस्त्याला लागली, अनवाणी. माझ्या हातात सूप होतं. मी अडवलं नाही. लोक म्हणतात आईनं सोडलं असेल. नाही. मी फक्त उभी राहिले.

त्यानंतर आठ वर्षं तिचा-आमचा संबंध नव्हता. मधे तिच्या एका मैत्रिणीकडून मी नंबर घेतला आणि वहीत लिहून ठेवला. लावला कधीच नाही. नातू झाल्याचं त्या मैत्रिणीकडूनच कळलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असू दे." पुढच्या वर्षीपासून आमच्या घरात कापूस साठवला नाही, वेचला की विकला. तो असं का करतो ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यंदा त्याच्या किडन्या गेल्या. साखर जुनीच होती. पायाला जखम झाली ती भरेना, मग सूज चढली. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. कोवळी मुलगी होती, माझ्या पोरीपेक्षा लहान. म्हणाली, "आजी, पेशंट सीरियस आहे. इथं सही करा." कागदावर तसंच लिहिलेलं होतं. मी अक्षर लावत लावत वाचलं. रुग्णाची प्रकृती सीरियस असून याची नातेवाइकांना कल्पना दिली आहे. मी विचारलं, "म्हणजे मेला का?" ती म्हणाली, "नाही हो आजी, जिवंत आहेत. सीरियस आहेत." मी सही केली. 

नवरा शुद्धीत होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो हातानं बाजूला करून म्हणाला, "तिले बलाव."

पोरगी गेल्यापासून त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. आताही घेतलं नाही, पण 'तिले' म्हणजे कोणाला हे मला कळलं.

"येते का ती?" मी म्हटलं.

"बलाव तं."

त्याला तिला काय सांगायचं होतं, मला माहीत नाही. माफी मागितली असती असं वाटत नाही, तो माणूस तसा नव्हता. पाहायचं असेल. मी वहीतलं पान फाडून बरोबर आणलंच होतं. वऱ्हांड्यात जाऊन नंबर लावला. सात वाजून गेले होते. 

"कोण?"

"मी. आई."

 मागं पोराचा आवाज येत होता, दूध नको म्हणून रडत होता.

"बाबा दवाखान्यात हाय. वर्ध्याले."

"सीरियस हाय का?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

एवढा एकच शब्द मला वापरता येत नव्हता. आणि खरा तोच होता, त्याच्यावर मी नुकतीच सही करून आले होते. मी म्हटलं, "लघवी बंद झाली कालपासून. पायाचे बोटं काळे पडून राह्यले. तोंडाले हवेचं लावलं हाय."

"तवा छातीत दुखत होतं. तोंड वाकडं झालं होतं."

"हो."

"तवा तू रडत होती."

"आता नाई रडून राह्यली."

"दे त्याइले फोन."

मी आत जाऊन फोन त्याच्या कानाला लावला आणि मास्क सरकवला. त्याला दम पुरेना. घशातून नुसता आवाज आला. मी फोन परत घेतला.

ती म्हणाली, "तवाबी कण्हतच होते."

"पोरी, मी खोटं नाई बोलून राह्यली."

"तवा खोटं हाय म्हणून बोलली होती का? तवाबी खरंच वाटत होतं मले." मग म्हणाली, "वार्ड कोणता?"

मी सांगितला. तिनं ठेवला.

मी परत आत आले. नवऱ्यानं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "वार्ड विचारला तिनं." त्यानं मान हलवली. मग दर थोड्या वेळानं मास्क सरकवायचा आणि विचारायचा, "आली का?" मी नाही म्हणायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून मला म्हणाली, "येऊन राह्यली म्हणून सांगा ना, काकू. तेवढंच बरं वाटते." मी सांगितलं नाही. असल्या कामाला मी एकदा खोटं बोलले होते, तेवढं पुरे होतं.

बारा वाजायच्या सुमाराला एक माणूस वार्डाच्या दारात येऊन उभा राहिला. मोटरसायकलवरून आल्यासारखा धुळीनं माखलेला, हातात हेल्मेट. तो खाटा मोजत मोजत आमच्यापाशी आला. मी त्याला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पोरीच्या मोबाईलमधल्या फोटोत. जावई.

"मावशी, तिनं पाठवलं," तो म्हणाला. आई म्हणाला नाही, मावशी म्हणाला. "पाहून ये म्हणे."

"पाहा," मी म्हटलं.

त्यानं नीट पाहिलं. मला त्याचा राग आला नाही. खाटेला अडकवलेला तक्ता उचलून वाचला. पायावरची चादर वर करून बोटं पाहिली. लघवीची पिशवी पाहिली, ती रिकामी होती. मग नर्सबाईकडं जाऊन विचारलं, "हे पेशंट खरंच सीरियस हाय का?" नर्सबाई चिडल्या. म्हणाल्या, "खोटं सीरियस असतं का कोणी?" तो खाली मान घालून म्हणाला, "अस्ते, म्याडम."

तिथंच उभं राहून त्यानं फोन लावला. "खरं हाय. ये तू. हो, मी डोळ्यानं पाह्यलं. पोराले घेऊन ये, कोणापाशी ठेवू नको. पुलगाववरून येते ती बस धर."

नवरा त्याच्याकडं पाहत होता. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यानं मास्क सरकवला आणि विचारलं, "आली का?"

जावई म्हणाला, "निघाली, बाबा."

ते खरं होतं, म्हणून मी मधे बोलले नाही.

तिथून पुढं त्यानं विचारलं नाही. जावई स्टूल ओढून पायाकडं बसला. मला म्हणाला, "तुमी काई खाल्लं का?" मी नाही म्हटलं. तो खाली जाऊन पोहे घेऊन आला. मी खाल्ले. माणूस मरतो आहे हे मला दिसत होतं, आणि मी आईच्या वेळी जेवले होते तशीच जेवले. अडीचच्या पुढं नवऱ्याचा श्वास बदलला. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पडदा ओढला, आम्हाला बाहेर काढलं. तीनला दहा मिनिटं कमी असताना त्या बाहेर आल्या. त्या बोलायच्या आधीच मी म्हटलं, "मेला ना?" त्या म्हणाल्या, "हो, आजी."

पोरगी पावणेचारला आली. सहा वर्षांचा पोरगा हाताशी. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. जावई पुढं झाला, पण त्याच्या तोंडावरूनच तिला कळलं. बापाच्या कपाळावर तिनं हात ठेवला. मग विचारलं, "किती वाजता?"

"तीनले दहा कमी."

तिनं हिशेब केला. "तवा आमची बस पुलगावले उभी होती."

सकाळच्या माझ्या फोनवर निघाली असती तर अकराला पोचली असती. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं.  ती उभ्या उभ्या डावा हात खाजवत होती. तिथं आता काही नव्हतं, चांगली कातडी होती.

भासऱ्यांना कळवायचं होतं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं. मी फोन लावला आणि मोठ्यानं म्हटलं, "ते मेले. तीन वाजता. घेऊन येऊन राह्यलो."

 मग ते म्हणाले, "असं कोणी सांगते का? सीरियस हाय म्हणावं लागते. माणूस एकटा असन, काई असन."

"तुमी एकटे हा का?"

"नाई."

"मग झालं," मी म्हटलं आणि ठेवला.

पोरगी गावात आली. अंगणात बसली, बायकांत. घरात ये म्हणून दोघी-तिघींनी ओढलं, ती आत गेली नाही. कापसाची खोली रिकामी आहे, तिच्यात आता फवारणीचा पंप आणि जुनी खाट आहे, असं मी सांगितलं नाही. सांगून काही बदलणार नव्हतं. तिचं पोरगं मात्र घरभर हिंडून आलं. रात्री ती तिघं पुलगावला जावयाच्या मित्राकडं राहायची, सकाळी परत यायची. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि ती निघाली.

गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "तू आता एकटी."

"हो."

"तुले काई झालं तं?"

ती काय विचारत होती ते मला कळलं. फोन येईल, कोणीतरी सांगेल आई सीरियस आहे, आणि ती तेव्हा काय करणार, असं ती विचारत होती.

मी म्हटलं, "अगोदर जावयाले पाठवजो. पाहू दे त्याले नीट. पाय पाहू दे, कागद वाचू दे. मग ये."

"उशीर होईन."

"होऊ दे."

 जावयानं गाडी सुरू केली, पोरगं मधे बसलं. "बरं," ती म्हणाली.

एवढंच आमच्यात ठरलं आहे. जावयाचा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवला आहे, शेजारणीला दाखवून ठेवला आहे. तिला सांगितलं, मला काही झालं तर पोरीला फोन करू नको. याला कर. तो येऊन पाहून जाईल.